भिंतीवरचा चौकटीतला कागद : कंपाउंडर ते नोंदणीकृत फार्मासिस्ट

घोटी हे इगतपुरी तालुक्यातील बाजाराचे गाव. मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेले, रेल्वेस्थानक असलेले, भाताच्या गिरण्यांसाठी परिचित. भंडारदऱ्याकडे जाणारा प्रवासी येथूनच वळतो आणि भोवतालच्या वाड्यापाड्यांतील माणसे बाजाराबरोबर औषधपाण्यासाठीही येथेच येतात. येथील कोणत्याही मेडिकलच्या दुकानात काउंटरमागे चौकटीत लावलेले काही कागद असतात. त्यांत विक्रीचे परवाने असतात आणि फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र असते. ग्राहकाची नजर तिकडे क्वचितच जाते. या दुसऱ्या कागदाचा इतिहास मात्र वाचण्याजोगा आहे. #थ्रेड

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औषध बहुधा दुकानात नव्हे, दवाखान्यात मिळत असे. डॉक्टर तपासत आणि आडोशामागे बसलेला कंपाउंडर मिक्श्चर तयार करी. बाटलीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवलेली असे. एक खाच म्हणजे एक डोस. सरकारी रुग्णालयांत काही कंपाउंडर परीक्षा देऊन आलेले असत, पण खासगी दवाखान्यांत ही विद्या पाहून पाहूनच येई. पोर्तुगीज गोव्यात १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेत औषधनिर्मितीचा अभ्यासक्रम होता. ब्रिटिश अमलाखालील मुलखात मात्र औषध कोणी द्यावे, हे ठरवणारा सर्वंकष कायदाच नव्हता.

त्याचे परिणाम दिसू लागले. पहिल्या महायुद्धानंतर बाजारात बनावट आणि कमअस्सल औषधांचा सुळसुळाट झाला. हिवतापाने पछाडलेल्या देशात क्विनाइनच निकृष्ट निघावे, याहून गंभीर गोष्ट कोणती? १९२७ मध्ये कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये यासंबंधी ठराव मांडणारे सभासद पुण्याचे होते : सर हारून जाफर. सरकारने चौकशी समिती नेमली ती १९३० साली. लेफ्टनंट कर्नल रामनाथ चोप्रा तिचे अध्यक्ष होते. १९३१ च्या अहवालात या समितीने औषधांच्या दर्जावर नियंत्रण ठेवणारा कायदा सुचवलाच. शिवाय औषध हाताळणाऱ्या माणसाचे शिक्षण व नोंदणी यांचाही आग्रह धरला.

सरकारने त्यांपैकी एकच गोष्ट आधी उचलली. औषधांचा कायदा १९४० मध्ये आला आणि त्याचे नियम १९४५ मध्ये. माणसाच्या कायद्याला त्यापुढे आठ वर्षे लागली. दरम्यान भोर समितीने १९४६ च्या अहवालात या विषयाची पुन्हा आठवण करून दिली, आणि ४ मार्च १९४८ रोजी फार्मसी अधिनियम अस्तित्वात आला. पुढच्या वर्षी भारतीय फार्मसी परिषद स्थापन झाली. शिक्षणाचे नियम ठरवणे हे परिषदेचे काम, तर नोंदवही ठेवणे हे राज्याचे.

आता खरा पेच उभा राहिला. पदवी-पदविका घेतलेली माणसे मूठभर होती. बनारस हिंदू विद्यापीठात महादेवलाल श्रॉफ यांनी या शिक्षणाचा पाया घालून जेमतेम दीड दशक झाले होते. केवळ पदवीधरांची नोंद केली असती, तर देशभरातील दवाखाने रात्रीतून बंद पडले असते. सर्वांचीच केली असती, तर कायद्याला अर्थ उरला नसता.

कलम ३१ मध्ये या पेचावर काढलेला तोडगा दिसतो. ‘पहिल्या नोंदवही’साठी चार वाटा ठेवण्यात आल्या. फार्मसीची पदवी किंवा पदविका असलेला येऊ शकत होता. दुसऱ्या कोणत्या विषयाची पदवी आणि औषध बनवण्याचा तीन वर्षांचा अनुभव असलेलाही पात्र होता. कंपाउंडरची मान्य परीक्षा उत्तीर्ण झालेल्यालाही प्रवेश होता. आणि ज्याच्याकडे कोणताच कागद नव्हता, पण ज्याने रुग्णालयात, दवाखान्यात किंवा चिठ्ठीवर नियमित औषध देणाऱ्या ठिकाणी पाच वर्षे हे काम केले होते, तोही अर्ज करू शकत होता. अर्जांची छाननी करण्यासाठी राज्याने तिघांचे नोंदणी न्यायाधिकरण नेमायचे होते.

या चौथ्या वाटेचे मोल मोठे होते. घोटीसारख्या गावातील कंपाउंडरची वर्षानुवर्षांची कारागिरी कायद्याने प्रथमच पात्रता म्हणून मान्य केली. पण ही वाट मुदतीची होती. ज्याला अधिसूचना वेळेत कळली नाही, ज्याचा डॉक्टर निवर्तल्यामुळे अनुभवाची साक्ष देणारे कोणी उरले नाही, अथवा ज्याची पाच वर्षे काही महिन्यांनी भरायची राहिली, त्याला ती मिटली. पहिली नोंदवही पूर्ण झाल्यावर हळूहळू एकच दार उरले : परिषदेने मान्य केलेले शिक्षण. पहिले शिक्षण नियम १९५३ साली आले. मुंबईत कलिन्याचे बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी १९५७ मध्ये सुरू झाले.

गंमत अशी की, नोंद नसलेल्याला औषध देण्यास मनाई करणारे कलम ४२ अनेक वर्षे कागदावरच राहिले. ते केव्हा लागू करायचे, हे राज्यांवर सोपवले होते. अखेर १९७६ च्या दुरुस्तीने बाहेरची मर्यादा घातली. त्यानुसार १ सप्टेंबर १९८४ पासून ते सर्वत्र लागू झाले. कायदा झाल्यापासून छत्तीस वर्षांनी! त्यातही एक अपवाद होता : डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला स्वतः औषध देऊ शकतो. गावोगावच्या दवाखान्यांत कंपाउंडर हे पात्र आणखी बराच काळ टिकून राहिले, ते याच अपवादाच्या सावलीत.

दुकानाची पाटीही कायद्याने ठरते, हे अनेकांना ठाऊक नसते. नियम ६५ नुसार फार्मासिस्ट नेमण्याची गरज नसलेल्या परवानाधारकाने ‘ड्रगस्टोअर’ लिहावे, फार्मासिस्ट आहे पण औषध बनवले जात नाही तेथे ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’, आणि औषध बनवण्याची सोय असेल तेथेच ‘फार्मसी’. तयार गोळ्यांच्या पाकिटांनी मिक्श्चरची बाटली हद्दपार केली आणि या भेदातील अर्थ गळून गेला.

या कथेला विम्याचा एक उपप्रवाह आहे. ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगारांच्या औषधाचे पैसे विमा समितीने द्यायचे ठरले आणि त्यासाठी केमिस्टांची यादी तयार झाली. यादीत नाव असेल, तरच बिल मंजूर. भारतात फार्मसी अधिनियमानंतर जेमतेम दीड महिन्याने, एप्रिल १९४८ मध्ये, कर्मचारी राज्य विमा अधिनियम आला. १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे ही योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये मुंबईत आली. मुंबईने ब्रिटिश वळणाची पॅनल पद्धत स्वीकारली. कामगार पॅनलवरच्या डॉक्टरकडे जाई, चिठ्ठी घेऊन मान्यताप्राप्त केमिस्टकडे जाई आणि केमिस्ट आपले बिल योजनेकडे पाठवी. अशा केमिस्टला दोन ओळखी लागत : परिषदेच्या नोंदवहीतील नाव आणि योजनेच्या यादीतील नाव.

दुसरी ओळख भारतात फारशी रुजली नाही. बाह्यरुग्णाच्या औषधाचा खर्च बहुतांश घरांत खिशातूनच होत राहिला. राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयातील उपचारांची आहे. तिच्या यादीत रुग्णालये आहेत, गावातले मेडिकल नाही. घोटीच्या बाजारात गोळ्या घेणारा शेतकरी आजही नोटा मोजूनच त्या घेतो.

पहिल्या ओळखीला मात्र भलतेच बाजारमूल्य आले. प्रमाणपत्र भिंतीवर आणि त्यातील माणूस दुसरीकडे नोकरीला, ही ‘भाड्याच्या सर्टिफिकेट’ची रीत महाराष्ट्रभर बोकाळली. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी दुकानात फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष उपस्थितीचा आग्रह धरला, तेव्हा औषध विक्रेत्यांनी बंद पुकारले. इतके फार्मासिस्ट आणायचे कोठून, हा त्यांचा प्रश्न सर्वस्वी खोटा नव्हता. पण डोस चुकला, दोन औषधांचा मेळ बसला नाही, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. चौकटीतला कागद ती चूक पकडू शकत नाही.

आज घोटीजवळ धामणगावला रुग्णालयाच्या संकुलातच फार्मसी महाविद्यालय आहे. पदविकेसाठी दोन वर्षांचे शिक्षण आणि ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण लागते. त्यांतील निदान २५० तास चिठ्ठीवर प्रत्यक्ष औषध देण्यात घालवावे लागतात. २०२२ च्या नियमांनी पदविकाधारकांना नोंदणीपूर्वी आणखी एक परीक्षा घातली आहे. मग राज्य परिषदेची नोंद, मग किमान दहा चौरस मीटर जागा, मग नमुना २० आणि २१ मधील परवाने. पाच वर्षांच्या अनुभवावर नोंद करून देणारी ती चौथी वाट या क्रमात आता कोठेच नाही.