शकुंतलेची शिट्टी नेमकी कुठून येत होती? सराउंड साउंडचा इतिहास : परतवाडा ते लंडन आणि परत

१/ मूर्तिजापूर ते अचलपूर हा सुमारे ७६ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग १९१३ मध्ये सुरू झाला. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेणे हा त्यामागचा हेतू. अचलपूर-परतवाड्याच्या कित्येक पिढ्यांनी ‘शकुंतला’ आधी ऐकली आणि मग पाहिली. १९९४ पर्यंत ती वाफेवर धावली. आज या मार्गावरची वाहतूक थांबलेली आहे.

२/ तिच्या काही चित्रफिती उरल्या आहेत. त्यांत गाडी डावीकडून उजवीकडे जाताना दिसते. आवाज मात्र एकाच जागी खिळलेला असतो. फलाटावर उभ्या माणसाला ऐकू आलेली गाडी त्या फितीत नाही. ती कुठे हरवली, हे समजण्यासाठी दुसऱ्या एका आगगाडीकडे जावे लागते.

३/ लंडनच्या पश्चिमेचे हेज स्थानक, १९३५. ईएमआय कंपनीचा तरुण अभियंता ॲलन ब्लूमलाइन याने कंपनीच्या इमारतीतून स्थानकावरील आगगाड्यांचे चित्रण करवले. उद्देश चित्राचा नव्हता, आवाजाचा होता. पडद्यावर गाडी जिकडे सरके, तिकडेच तिचा आवाजही सरकत होता.

४/ बोलपटात नट पडद्याच्या एका टोकाला असला तरी त्याचा आवाज एकाच ठिकाणाहून येतो, हे ब्लूमलाइनला खटकत असे, अशी आठवण सांगितली जाते. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. आज जगभर ‘स्टिरिओ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तंत्राचा हा एक मुख्य पाया.

५/ तत्त्व साधे आहे. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तरीही मेंदू त्यावरून दिशा ठरवतो. एकाच मायक्रोफोनने ध्वनी टिपला, की हा फरक नोंदलाच जात नाही.

६/ १९४२ मध्ये रडारच्या चाचणीदरम्यान झालेल्या विमान अपघातात ब्लूमलाइन गेला. वय अवघे ३८. त्याआधी, १९४० मध्ये, डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी श्रोत्याला आवाजाने वेढणारी ‘फँटासाउंड’ यंत्रणा उभारली गेली होती. पण ती इतकी महाग आणि अवजड होती, की मोजक्याच चित्रपटगृहांत पोचली.

७/ भारतात हा अनुभव गाजला तो ‘शोले’मुळे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाच्या ७० मिलिमीटर प्रतींवर अनेक ध्वनिपट्टे होते. जयने उडवलेले नाणे आपल्याच आसपास पडले, असे वाटून प्रेक्षक खुर्च्यांखाली पाहत, ही आख्यायिका मुंबईच्या चित्रपटगृहांतली.

८/ लहान गावांत मात्र सामान्यतः ३५ मिलिमीटरच्या प्रती जात आणि त्यांवर एकच ध्वनिपट्टा असे. अमरावती हे चित्रपट-वितरणाचे जुने केंद्र. तिथून आलेली पेटी तालुक्याच्या टॉकीजमध्ये उघडली, की संवाद तेच आणि गाणी तीच. पण नाणे पडद्यामागच्या कर्ण्यातच पडे. आवाजालाही महानगर आणि मुफस्सल असा भेद होता.

९/ १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाउ’मध्ये ध्वनिसंकल्पक वॉल्टर मर्च याने हेलिकॉप्टर प्रेक्षकांभोवती फिरवले. पुढे तीन वाहिन्या, मागे डावी-उजवी अशा दोन आणि केवळ खर्जासाठी एक. हीच पुढे ‘५.१’ झाली. १९९२ मध्ये ‘डॉल्बी डिजिटल’ने ती चित्रपटगृहांत आणली आणि डीव्हीडीबरोबर ती घरात आली.

१०/ इथे एक विनोद दडलेला आहे. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली, ती ध्वनिफितीतला नको असलेला खरखराट कमी करण्यासाठी. महाराष्ट्रात मात्र ‘डॉल्बी’ म्हणजे मिरवणुकीत खिडक्यांची तावदाने हलवणारी भिंत!

११/ घरगुती चित्रणाची गोष्ट याहून करुण आहे. व्हीएचएसच्या काळात लग्नाच्या कॅसेटवर मूळ आवाज पुसून चित्रपटगीते चढवण्याची पद्धत होती. मंगलाष्टके म्हणणारी आजी दिसते, तिचे ओठ हलतात. ऐकू येते ते भलतेच. आज मोबाइल आवाज ठेवतो, पण बहुधा खोलीचा विस्तार सपाट करून.

१२/ जुन्या एकपदरी फितीतून संगणक आज ‘सराउंड’ तयार करून देतो. परंतु तो अंदाज असतो, पुरावा नव्हे. शिट्टी डावीकडून आली की मागून, हे ज्या क्षणी नोंदले गेले नाही, त्या क्षणीच ते इतिहासातून गेले.

१३/ पुढच्यासाठी उपाय आहे. कॅमेऱ्याशेजारी दोन मायक्रोफोन पुढे आणि दोन मागे रोखावेत, प्रत्येकाचा पट्टा वेगळा ठेवावा, आरंभी एक टाळी वाजवावी. त्या टाळीवर चित्र आणि सर्व पट्टे जुळवता येतात. जोडणी करताना बोलणे मधल्या वाहिनीत ठेवावे. पाऊस, गर्दी आणि पाखरे मागच्या दोन वाहिन्यांत.

१४/ ऐकतानाही शिस्त लागते. समोरचे डावे-उजवे स्पीकर मध्यापासून सुमारे ३० अंशांवर. बाजूचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. मागचा आवाज जाणवावा, पण त्याने मान वळवायला लावू नये.

१५/ शकुंतलेची वाफेची शिट्टी आता परतवाड्याच्या कोणत्या अंगाने येत असे, हे जुन्या लोकांच्या आठवणीतच उरले आहे. पण लाकडाच्या डेपोतला करवतीचा आवाज, आठवडी बाजारातला गलका, मेळघाटाकडून चढत येणारा पाऊस अजून चारही बाजूंनी ऐकू येतो. हेजच्या आगगाड्या नव्वद वर्षांनंतरही कानांसमोरून जातात, कारण कोणीतरी त्या वेळी एकाऐवजी दोन मायक्रोफोन लावले होते.