सुईण, परिचारिका आणि गावची आरोग्यसेविका

आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, आणि त्यातली बरीच वर्षे विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या वस्त्यांत गेली. शिक्षण म्हणाल तर शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचले ते कचेरीत, सभा आटोपल्यावर. अशा माणसाने ख्रिस्ती मंडळींच्या स्त्री-आरोग्यकार्याचा इतिहास सांगायला उभे राहावे ह्याचे आपणांस नवल वाटले असेल. त्याचे कारण एका बाईचा प्रश्न आहे. एकदा आम्ही मागणीपत्रक वाचून दाखवत होतो. मजुरीचा दर, बोनस, रजा असे सारे वाचून झाले. मागच्या रांगेतली एक विडीकामगार उठून म्हणाली, "भाऊ, ह्यात आमची बाळंतपणं कुठं आहेत?" आम्ही प्रसूतिभत्त्याचे कलम दाखवले. ती म्हणाली, "ते पैशाचं झालं. बाईला बघतं कोण, ते विचारते मी."

आम्हांला उत्तर देता आले नाही. ते शोधताना आम्ही जामखेडपर्यंत गेलो, आणि जामखेड समजून घेण्यासाठी मागे वेल्लोरपर्यंत जावे लागले.

1890 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट आहे. तमिळ मुलखातील तिंडिवनम गावी आयडा स्कडर ही विशीतली मुलगी मिशनरी वडिलांच्या घरी राहत होती. वडील डॉक्टर. एका रात्री तीन निरनिराळ्या घरचे तीन पुरुष, एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि एक वरिष्ठ जातीचा हिंदू, तिच्या दाराशी आले. तिघांच्याही बायका अडल्या होत्या. "वडिलांना बोलावते," असे ती म्हणाली. परपुरुषाने बायकोला हात लावलेला तिघांनाही नको होता. त्यांना बाईच हवी होती, आणि ह्या मुलीला वैद्यक येत नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही बाळंतिणी गेल्या. आयडा अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली, 1900 साली परतली आणि 1902 साली वेल्लोरला तिचे स्त्रियांचे रुग्णालय उभे राहिले.

ही हकीगत मिशनच्या पुस्तकांत फार वेळा सांगितली गेली आहे, आणि ती ऐकून असे वाटते की आमच्या स्त्रियांचे हे दुःख प्रथम परक्यांच्याच ध्यानात आले. तसे नव्हते. आनंदीबाई जोशींनी 1883 सालीच सेरामपूरच्या सभेत स्त्री-डॉक्टरांची गरज सांगितली होती, आणि 1886 साली त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. धर्म मात्र त्यांनी बदलला नाही. दुःख ठाऊक होते. त्याच्यासाठी रात्रंदिवस राबणारी माणसे मात्र थोडी होती.

आमच्या मते वेल्लोरचे खरे मोठे काम रुग्णालय बांधणे हे नव्हे. 1909 साली तेथे परिचारिकांचे विद्यालय निघाले आणि 1918 साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा. इकडे मिरजेला विल्यम वॉन्लेस ह्यांचे रुग्णालय 1894 साली सुरू झाले आणि 1897 पासून तेथे परिचारिका शिकू लागल्या. रक्त पुसायचे, भांडे उचलायचे, रात्रपाळी करायची, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा; पांढरपेशा घरांतून ह्या कामाला मुलगी देणे म्हणजे घराण्याला बट्टा. मुली आल्या त्या बहुतांशी ख्रिस्ती कुटुंबांतून. त्यांतल्या अनेकींच्या आईबापांनी धर्म बदलला होता तो अस्पृश्यतेला कंटाळून. ज्यांचा स्पर्श गावाला चालत नव्हता, त्यांच्याच मुलींच्या हाती गावाने आपल्या बाळंतिणी दिल्या. रुग्णालयांच्या दर्शनी भिंतींवर संस्थापकांच्या तसबिरी असतात. ह्या मुलींच्या तसबिरी आम्हांला तरी आढळल्या नाहीत.

परंतु रुग्णालयाला दार असते, आणि त्या दारापर्यंत पोचतो त्यालाच औषध मिळते. जिरायत शेतावर खुरपणी करणारी बाई तेथवर पोचत नसे. पोचली तर फार उशिरा. ही टोचणी खुद्द चर्चच्या लोकांनाही लागली होती. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे 1964 आणि 1967 साली त्यांनी विचारविनिमय केला, आणि 1968 साली जागतिक चर्च परिषदेने ख्रिस्ती वैद्यकीय आयोग नेमला. रोग बरा करणे हे एकट्या डॉक्टरचे काम की साऱ्या मंडळीचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आमच्या भाषेत सांगायचे तर कारखाना मोठा करावा की वस्तीत जावे?

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबेल आरोळे हे दोघेही वेल्लोरचेच पदवीधर. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काम केले. तेच रोगी तेच रोग घेऊन पुन्हा पुन्हा येतात हे तेथे त्यांनी पाहिले, मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला, आणि 1970 साली ते जामखेडला आले. आरंभ बंद पडलेल्या गुरांच्या दवाखान्यात झाला. गावोगाव शिकलेल्या परिचारिका ठेवण्याचा त्यांचा पहिला बेत फसला. शहरी वळणाची तरुण मुलगी एकटी गावात राहायला भीत असे, आणि गावातल्या बायका तिला मनातले सांगत नसत. मग गावाने आपलीच एक बाई निवडून द्यावी असे ठरले. निवडून आलेल्या बहुतेक निरक्षर होत्या. कित्येक दलित, कित्येक टाकलेल्या किंवा विधवा.

ह्या बायका ठरलेल्या दिवशी जामखेडला येत, रात्री मुक्काम करीत, एका पंक्तीला जेवत. आपणां शहरवासीयांना ह्या पंक्तीचे महत्त्व कदाचित वाटणार नाही; त्या काळच्या खेड्यात ती औषधाइतकीच कडू होती. तेथे त्या शिकल्या त्या गोष्टी दिसायला साध्या. गरोदर बाईने मूल लहान राहावे म्हणून अर्धपोटी राहू नये. चीक फेकू नये, बाळाला पाजावा. नाळ कापायचे पाते आणि बांधायचा दोरा उकळून घ्यावा. धनुर्वाताची सुई टोचून घ्यावी. अडलेली बाई वेळीच ओळखून गाडीत घालावी. जुन्या सुईणींना हटवले नाही, त्यांनाही शिकवले. जोडीला महिला मंडळे आणि शेतकरी मंडळे उभी राहिली. दुष्काळात कूपनलिका पाडल्या त्या दलित वस्तीत, म्हणजे पाण्याला सवर्णांनीच तिकडे यावे. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे 1971 साली हजार जन्मांमागे 176 अर्भके दगावत. 1976 साली हा आकडा 52 वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली काढलेल्या ग्रंथात जामखेडवर प्रकरण आले, आणि 1978 च्या आल्मा-आता परिषदेत ज्या प्राथमिक आरोग्याची घोषणा झाली तिच्या मागे अशाच प्रयोगांचा अनुभव होता.

धर्मांतराची शंका आपल्यापैकी कुणाच्या तरी मनात असणारच. ती विचारणे गैर नाही. आरोळे दांपत्याने आपली प्रेरणा ख्रिस्ताच्या शिकवणीतून आल्याचे कधी लपवले नाही. पण आरोग्यसेविका हिंदू होत्या त्या हिंदूच राहिल्या, मुसलमान होत्या त्या मुसलमानच. फरक पडला तो जातीच्या उतरंडीत. गावकीला तो धर्मांतरापेक्षा कमी टोचला असेल असे आम्हांला वाटत नाही.

आमचे भांडण दुसऱ्याच ठिकाणी आहे. ह्या बायकांना पगारी नोकर म्हणून ठेवले नव्हते. पोटासाठी लहानसे धंदे उभारायला त्यांना मदत दिली जाई. पगार बाहेरून आला की ती बाई गावापुढे नव्हे, साहेबापुढे उभी राहते, हा त्यामागचा विचार होता. आम्ही प्रथम तो हसण्यावारी नेला. पुढे पगारदार झालेले आमचेच काही कार्यकर्ते वस्तीत फिरकेनासे झाले, तेव्हा त्यातले तथ्य कळले. तरीही तो आम्हांला पुरता पटत नाही. जामखेडच्या एका आरोग्यसेविकेने 1988 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत डॉक्टरांना झुंबराची आणि आपल्यासारख्यांना दिव्याची उपमा दिली होती: झुंबर महाग आणि उंचावर टांगलेले, दिवा स्वस्त, आणि त्यावरून दुसरा लावता येतो. उपमा सुंदर आहे. पण तेलाचा खर्च कोणी द्यायचा?

2005 पासून केंद्र सरकारने 'आशा' नेमायला सुरुवात केली. गावातलीच बाई आणि घरोघर जाणे ही रीत उचलली. जामखेडची पंक्ती आणि गावाची निवड मात्र बव्हंशी मागे राहिली. 'स्वयंसेविका' हे नाव तेवढे टिकले. मिशनमध्ये ज्याला सेवा म्हणत ते सरकारात मानधन झाले, आणि कामगिरीमागे मोबदला मोजला जाऊ लागला. 2013 साली पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतल्या स्त्रियांना कामगार मानावे, किमान वेतन द्यावे अशी शिफारस केली. 2021 साली, करोनाच्या साथीत घरोघर फिरत असताना, महाराष्ट्रातील आशांना संप करावा लागला. 2023 साली पुन्हा. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा सन्मान केला. शिफारस अजून कागदावरच आहे.

त्या विडीकामगार बाईला आम्ही पुढे हे सारे सांगितले. तिने वेल्लोरचे ऐकून घेतले, जामखेडचे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आपल्या वस्तीतली कोण निवडायची?" त्याच बैठकीत बायकांनी नाव ठरवले. तिला दरमहा काय द्यायचे ह्यावर मात्र रात्री अकरापर्यंत वाद चालला, आणि वर्गणीतून द्यायचे ठरले.