गण पाडले, कविता राहिली

१८५४ हे साल मराठी कवितेच्या इतिहासात मोठे मौजेचे आहे. त्या वर्षी परशुरामतात्या गोडबोले यांनी संपादिलेले 'नवनीत' प्रसिद्ध झाले. संत-पंत कवींच्या निवडक वेच्यांचे हे पुस्तक पुढे कित्येक पिढ्यांच्या हाती शाळेत पडले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला. एका पुस्तकात मुलांनी काय वाचावे, हे सांगितलेले होते. दुसऱ्यात शिकवणारी बाई स्वतःच कविता लिहीत होती. आपल्या शाळांनी पहिले पुस्तक मनावर घेतले. दुसऱ्यातला धडा बाजूलाच राहिला.

माझ्या पिढीला कवितेचा तास म्हणजे पाठांतर आणि गण पाडणे. 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र झोपेतही म्हणता येई. लघूला अर्धचंद्र, गुरूला आडवी रेघ. चार 'य' गण, बारा अक्षरे, की झाला भुजंगप्रयात. 'मनाचे श्लोक' त्याच वृत्तात. या शिक्षणाला मी नावे ठेवणार नाही. त्याने कान तयार झाला. पण परीक्षेतला प्रश्न कायम 'वृत्त ओळखा' हाच असे. 'या वृत्तात दोन ओळी लिहा' असे कोणी म्हणत नसे.

आता शाळेबाहेर पाहू. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे १२९० मध्ये 'ज्ञानेश्वरी' झाली, त्याआधीपासून ओवी बायकांच्या ओठी होती. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बहुतेकींनी शाळेची पायरी चढलेली नव्हती. बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये. मोठे विचित्र आहे हे! शाळेत गेलेल्यांनी गण पाडले आणि न गेलेल्यांनी कविता रचली.

याला अपवाद होते. फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ते गद्य होते, पण मुलांनी लिहिलेले छापण्याजोगे असते, हे त्याने दाखवले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांची कविता ऐकून मंडळींनी त्यांना 'बालकवी' म्हटले. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. पुढे शाळाशाळांतून निघालेली हस्तलिखिते, म्हणजे मुलांच्या कवितेला मिळालेले हक्काचे पानच होते.

कविता शिकवून येत नाही, असे पुष्कळजण म्हणतात. स्फूर्ती शिकवता येत नाही, हे खरे. रचना मात्र शिकवता येते. केशवसुतांनी चौदा ओळींची कविता इंग्रजीतून मराठीत आणली, तिला पुढे आपण सुनीत म्हणू लागलो. माधव जूलियन यांनी गझल लिहिली आणि 'छंदोरचना'सारखा ग्रंथही सिद्ध केला. सुरेश भटांनी तर नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' तयार केली. शिरीष पै यांनी जपानी हायकू मराठीत रुजवला. प्रत्येक रचनाप्रकार कोणीतरी आधी हाताळला, मग दुसऱ्याच्या हाती दिला.

सहावी ते आठवीच्या वर्गांना मराठी शिकवताना मी हा प्रयोग वर्षानुवर्षे केला. 'काहीही लिहा' म्हटले, की मुले काहीच लिहीत नाहीत. त्याऐवजी मी मोठ्या अभंगाचा साचा फळ्यावर काढी. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. मुले बोटांवर अक्षरे मोजू लागत. जोडाक्षर एकच धरायचे, यावर भांडणे होत. वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने एका उन्हाळ्यात लिहिले:

उन्हात बसली । हंड्यांची ती रांग ।
टँकरा तू सांग । येशी केव्हा ॥

मोजून पाहा, बावीस अक्षरे आहेत. गाऱ्हाणे पाण्याचे, पण विचारण्याची रीत थेट वारकऱ्याने विठ्ठलाला विचारावे तशी. ही रीत तिला मी सांगितलेली नव्हती. तो साचा हाती घेताच शेकडो वर्षांची बोलण्याची सवय तिच्या मदतीला आली. 'पाणीटंचाई' या विषयावर तिला निबंध सांगितला असता, तर मार्गदर्शकातली दहा वाक्ये उतरली असती.

घरोघरची जाती गिरणीने केव्हाच बंद पाडली. आईच्या मांडीवर डोके ठेवून पहाटे ओवी ऐकत शिकायचे, ती शाळाही जात्याबरोबर संपली. आता मुलांच्या हाती ओवी, अभंग, आर्या, हायकू द्यायचे, तर वर्गाखेरीज दुसरी जागा उरलेली नाही. त्यासाठी नवा अभ्यासक्रम नको, खर्चही नको. आठवड्यातला कवितेचा एक तास शिक्षकांनी मुलांच्या लेखणीला द्यावा, आणि त्या तासाला स्वतःही चार ओळी लिहाव्यात. सावित्रीबाईंनी लिहिल्याच होत्या की!

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)