यकृतातले हौदाचे गणित

प्रथिनांच्या विघटनातून शरीरात अमोनिया तयार होतो. तो रक्तात साचला तर मेंदूवर परिणाम होतो, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो, प्रसंगी बेशुद्ध पडतो. एरवी हे घडत नाही, कारण यकृत अमोनियाचा युरिया बनवते.

कसा, हे १९३२ साली जर्मनीत फ्रायबुर्ग येथे उलगडले. हान्स क्रेब्ज व त्यांचे विद्यार्थी कुर्ट हेन्सेलाइट यांनी उंदराच्या यकृताचे पातळ काप द्रावणात ठेवून त्यात एकेक पदार्थ घालून पाहिला. ऑर्निथिन घालताच युरियाचा वेग एकदम वाढला, पण ऑर्निथिन काही संपेना! म्हणजे ते पुन्हा पुन्हा तयार होत होते. ऑर्निथिन, सिट्रुलिन, आर्जिनिन आणि परत ऑर्निथिन असे ते चक्र. (सिट्रुलिन हे नाव कलिंगडाच्या लॅटिन नावावरून आले.) पुढच्याच वर्षी नाझी राजवटीत, ज्यू म्हणून, क्रेब्जना नोकरीवरून काढले. ते इंग्लंडला गेले. आपण श्वसनाच्या धड्यात शिकवतो ते क्रेब्ज चक्र त्यांनी तेथे १९३७ साली मांडले.

चक्राची आकृती काय घडते ते सांगते, किती वेगाने ते सांगत नाही. त्यासाठी शाळेतले हौदाचे गणित आठवावे. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो. येथे नळ म्हणजे विकरे, आणि हौदातली पातळी बदलली की नळाची धारही बदलते! अशी शेकडो समीकरणे हाताने सुटत नाहीत. १९६० साली अमेरिकेत ब्रिटन चान्स, डेव्हिड गार्फिंकेल प्रभृतींनी पेशीतील ग्लुकोज विघटन व श्वसनाची समीकरणे संगणकाकडून सोडवून घेतली. २०१० साली बर्लिनच्या गटाने मानवी यकृतपेशीचा आराखडा मांडला: ७७७ पदार्थ, २५३९ अभिक्रिया. त्यासाठी दीड हजारांहून अधिक शोधनिबंध चाळावे लागले.

खरी गंमत २०१४ सालची. यकृत लहान खंडिकांचे बनलेले असते. रक्त कडेने शिरते, मधल्या शिरेतून बाहेर पडते. कडेच्या पेशी युरिया बनवतात. त्यांच्या तावडीतून सुटलेला अमोनिया शिरेलगतच्या पेशी ग्लुटामिनमध्ये अडकवतात. जर्मन संशोधकांनी याचे संगणकीय प्रारूप रचले. निरोगी उंदरांत हिशेब जुळला. मग कार्बन टेट्राक्लोराइडने शिरेलगतच्या पेशी मारल्या. गणिताप्रमाणे जितका अमोनिया रक्तात उरायला हवा होता, तितका उरला नाही. हौदाला कुठेतरी एक न मोजलेला नळ होता! उत्तर तंतोतंत जुळले असते, तर तो कुणी शोधलाच नसता.

२०१६ साली तो सापडला: ग्लुटामेट डिहायड्रोजनेज. एरवी अमोनिया सोडणारे हे विकर अमोनिया फार वाढला की उलट चालते व तो शोषून घेते. मात्र त्याला लागणारे अल्फा-कीटोग्लुटारेट अपुरे पडते. हे विकर, अल्फा-कीटोग्लुटारेट आणि एनएडीपीएच एकत्र टोचल्यावर उंदरांच्या रक्तातला अमोनिया झपाट्याने उतरला. माणसाच्या यकृतात हाच नळ किती धारेने वाहतो, हे मात्र उंदरांवरून ठरवता येत नाही.