एआय चित्रनिर्मितीची व्यावसायिक जोडणी

प्रॉम्प्टवरून चित्र तयार करणारी साधने व्यवसायाच्या रोजच्या मजकूर-कामात गुंफण्याची पद्धत. उत्पादनांची यादी, जाहिराती, समाजमाध्यमांवरच्या पोस्ट, ग्राहकांना जाणारी ईमेले अशा कामांसाठी चित्र मागवणे, तपासणे, साठवणे आणि प्रसिद्ध करणे हे सगळे एकाच साखळीत आणणे, हा तिचा हेतू. कुणी ब्राउझरमध्ये चित्र काढले आणि उतरवून व्हॉट्सॲपवर पाठवले, याला जोडणी म्हणत नाहीत. या विषयावरची बहुतेक चर्चा कोणते मॉडेल अधिक सुंदर चित्र देते याभोवतीच फिरते. कामाच्या जागी मात्र चित्र निघणे हा सर्वांत सोपा टप्पा ठरतो. घोडे पेंड खाते ते त्याच्या आधी आणि नंतर.

या साधनांचा सार्वजनिक इतिहास लहान आहे. २०२२च्या एप्रिलमध्ये डॅल-ई २, जुलैत मिडजर्नी आणि ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन लोकांसमोर आले. तिघांची दारे वेगळी होती. मिडजर्नी डिस्कॉर्डच्या गप्पाखोलीत आज्ञा टाइप करून वापरावे लागे, त्यामुळे जाहिरात संस्थांत ते कल्पना दाखवण्यापुरते रुळले, स्वयंचलित साखळीत बसले नाही. स्टेबल डिफ्यूजन स्वतःच्या संगणकावर उतरवून चालवता येत होते. जोडणीला खरी सुरुवात झाली ती त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, ओपनएआयने डॅल-ईचा एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरने थेट चित्र मागवण्याचे दार, खुला केला तेव्हा. १०२४ × १०२४ पिक्सेलच्या चित्राला २ सेंट असा दर होता. पुढे उलटा प्रवास झाला : साधनेच लोकांच्या हातातल्या सॉफ्टवेअरमध्ये शिरली. कॅन्व्हा, २०२३च्या मे महिन्यापासून फोटोशॉप, ऑक्टोबरपासून ॲमेझॉनची जाहिरात-सेवा.

साखळीची सुरुवात सहसा एका ओळीपासून होते : तक्त्यातली नवी नोंद किंवा उत्पादनकोशात भरलेला नवा माल. झॅपिअर, मेक, एनएटएन यांसारखे साधन ती नोंद टिपते, ठरलेल्या प्रॉम्प्टमध्ये रंग, आकार, प्रसंग भरते आणि एपीआयकडे पाठवते. उत्तरात आलेली फाइल साठवणीत जाते, मग माणसाच्या अप्रूव्हलसाठी थांबते आणि त्यानंतर संकेतस्थळावर चढते. कागदावर हे सरळ दिसते. प्रत्यक्षात डॅल-ईचा एपीआय चित्राऐवजी दुवा देत असे आणि तो तासाभरात मरे. ज्यांनी फाइल उतरवून न घेता तोच दुवा पानावर लावला, त्यांच्या पानांवर थोड्याच वेळात रिकाम्या चौकटी उरत. शिवाय तोच प्रॉम्प्ट पुन्हा दिला तरी तेच चित्र मिळत नाही, आणि जुनी मॉडेले बंदही होतात. म्हणून प्रत्येक फाइलसोबत मालाचा क्रमांक, प्रॉम्प्ट, मॉडेलची आवृत्ती, तारीख आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव ठेवावे लागते. हे कारकुनी काम कुणालाच आवडत नाही आणि ते टाळणारी साखळी फार काळ तग धरत नाही.

विक्रीच्या मालाबाबत अडचण अधिक गंभीर आहे. मॉडेल वस्तूचा फोटो घेत नाही, ते वस्तू नव्याने रंगवते. पैठणीचे चित्र मागितले तर पैठणीसारखे काहीतरी येते. काठ नारळी हवा होता की मुनिया, पदरावर मोर किती, याची त्याला फिकीर नसते. ग्राहकाला घरी वेगळा काठ पोचला की साडी परत येणार. त्यामुळे जाणती मंडळी मालाचा खरा फोटो तसाच राखतात, त्यावर मास्क लावतात आणि फक्त पार्श्वभूमी नव्याने काढून घेतात. ॲमेझॉनच्या जाहिरात-सेवेतली सोय आणि गुगलचा प्रॉडक्ट स्टुडिओ यांचा पाया हाच. आकृतीची ठेवण पक्की धरण्यासाठी २०२३चे कंट्रोलनेट, आणि एखादे ठराविक पात्र किंवा शैली शिकवण्यासाठी लोरा, ही त्यापुढची हत्यारे. माणसांच्या चित्रांत वेगळाच धोका असतो. २०२३च्या मार्चमध्ये लिव्हाइस कंपनीने विविधता वाढवण्यासाठी एआयने घडवलेल्या मॉडेल्सची चाचणी जाहीर केली; खऱ्या विविध मॉडेल्सना काम देण्याऐवजी हे काय, अशी टीका झाली आणि प्रत्यक्ष छायाचित्रण बंद होणार नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला.

मराठीत काम करणाऱ्याची खरी कसोटी अक्षरांत लागते. सुरुवातीच्या मॉडेलांना ‘शुभेच्छा’ लिहायला सांगितले की शिरोरेषेला लटकलेल्या अनोळखी आकृत्या मिळत. नव्या मॉडेलांत सुधारणा आहे, पण जोडाक्षरांवर डोळे झाकून विसंबता येत नाही. म्हणून चित्र कोरे काढायचे आणि मजकूर टेम्प्लेटमधून वर बसवायचा, ही रीत रूढ झाली. तिथेही एक खाच आहे. ‘दिवाळी’ या शब्दात संगणक आधी द आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवतो. पडद्यावर तिला द च्या आधी आणणे हे हार्फबझसारख्या मांडणी-यंत्रणेचे काम. पायथनमधल्या पिलो या लोकप्रिय साधनाची साधी मांडणी ते करत नाही. मग वेलांटी द च्या उजवीकडे, व च्या डोक्यावर जाऊन बसते आणि ‘शुभेच्छा’त च चा पाय मोडून हलन्त उघडा पडतो. शंभर पोस्ट अशाच निघून गेल्यावर ही चूक ध्यानात येणे फार महाग. मजकूर एचटीएमएलमध्ये मांडून ब्राउझरकडूनच त्याचे चित्र काढून घेणे हा त्यापेक्षा भरवशाचा मार्ग, कारण ब्राउझरला ही मांडणी येते. छापखान्यात गोष्ट आणखी फिरते : श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांवर चालणाऱ्या फाइलीत युनिकोड मजकूर चिकटवला की कडबोळे होते, तो आधी रूपांतरित करून घ्यावा लागतो.

छपाईचे गणितही वेगळे. १०२४ पिक्सेल ३०० डीपीआयने छापले तर जेमतेम ३.४ इंच भरतात, व्हिजिटिंग कार्डाची लांबीसुद्धा पुरती नाही. फ्लेक्स लांबून पाहतात म्हणून तिथे निभावते. मासिकाच्या पानाला अपस्केलिंग करावेच लागते. चित्र आरजीबीत येते, ऑफसेट सीएमवायकेत छापतो, आणि पडद्यावरचा झेंडूचा झगझगीत केशरी कागदावर मळकट उतरतो.

हक्कांच्या बाजूने कंपन्या दोन गोष्टी पाहतात : मॉडेल कशावर शिकले आणि निघालेले चित्र कुणाचे. अडोबीने २०२३मध्ये फायरफ्लाय आणताना ते अडोबी स्टॉक, मुक्त परवान्याची आणि हक्कमुक्त झालेली चित्रे यांवर शिकवल्याचे सांगितले, ते मोठ्या ग्राहकांची हक्कभंगाची भीती ओळखून. छायाचित्रे पुरवणाऱ्या गेटी इमेजेसने स्टेबल डिफ्यूजनवाल्या स्टॅबिलिटी एआयविरुद्ध लंडनमध्ये लढवलेल्या दाव्यात नोव्हेंबर २०२५मध्ये गेटीच्या हाती थोडेच लागले. काही चित्रांत तिचा वॉटरमार्क उमटल्यामुळे व्यापारचिन्हाचा मर्यादित भंग तेवढा मान्य झाला. चित्राचा उगम ओळखू येणे हा याला लागूनच असलेला प्रश्न. चित्र एआयचे आहे हे नोंदवणारी सी२पीएची माहिती फाइलच्या मेटाडेटात असते, आणि अनेक मंच चित्र चढवतानाच मेटाडेटा पुसतात. गुगलचे सिंथआयडी ती खूण थेट पिक्सेलांत मिसळते.

राहिला चित्र कुणाचे हा प्रश्न. अमेरिकेत मानवी कर्तृत्वाशिवाय कॉपीराइट मिळत नाही. २०२५च्या मार्चमध्ये तिथल्या अपील न्यायालयानेही हे कायम केले. म्हणजे निव्वळ यंत्राने काढलेले चित्र प्रतिस्पर्ध्याने उचलले तर हात चोळत बसावे लागेल. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम २(घ)(६) संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणून ती कृती घडवून आणणाऱ्या व्यक्तीकडे बोट दाखवते. प्रॉम्प्ट लिहिणारा डिझायनर, साखळी बांधणारा अभियंता आणि रात्री दोन वाजता आपोआप चित्रे मागवणाऱ्या दुकानाचा मालक, यांपैकी ती व्यक्ती कोण हे कायद्याच्या शब्दांत नाही. त्यामुळे संस्था ते कंत्राटातच लिहून घेतात.