भिलाईत हवा मोजणारी यंत्रे कुठे बसवतात आणि जागा कशी ठरते?

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये सुरू केला. छत्तीसगडमधून भिलाई, रायपूर आणि कोरबा ही शहरे त्यात आहेत. या योजनेत कुणाच्या खात्यात रक्कम जमा होत नाही आणि कुणाला अर्ज भरावा लागत नाही. लाभ शहराला मिळतो: रस्त्यावरची धूळ कमी करणे, उघड्यावर कचरा जाळणे थांबवणे अशा कामांसाठी निधी येतो.

हा निधी हवेच्या आकड्यांशी जोडलेला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरसमूहांच्या हवेसाठी २०२१-२२ ते २०२५-२६ या काळाकरिता १२,१३९ कोटी रुपये ठरवले. दुर्ग-भिलाईनगर त्यांत येते. पीएम १० (हवेत तरंगणारे बारीक धूलिकण) यांची वार्षिक सरासरी किती उतरली आणि चांगल्या हवेचे दिवस किती वाढले, यावर अनुदान अवलंबून असते. म्हणून आकडा देणारे यंत्र कुठे उभे आहे, हे नागरिकांनीही पाहायला हवे.

केंद्र म्हणजे नेमके काय?

आधी एक गैरसमज दूर करू. ही यंत्रे हवा स्वच्छ करत नाहीत, फक्त मोजतात. हाताने चालवल्या जाणाऱ्या केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी २४ तास नमुने घेतात. म्हणजे वर्षाला १०४ दिवस. अविरत केंद्रे रात्रंदिवस मोजतात आणि त्यांचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर दिसतात. पीएम १० ची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तर त्याहून बारीक पीएम २.५ ची ४०.

जागेचे नियम

हवा आत घेणारे तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंच असावे. झाडांपासून अंतर २० मीटरपेक्षा जास्त हवे, कारण पाने धूळ अडवतात. चारपैकी किमान तीन बाजूंनी वारा मोकळा यायला हवा. शेजारची इमारत यंत्राच्या तोंडापेक्षा जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडावे. उदाहरणार्थ, इमारत ८ मीटर जास्त उंच असेल तर यंत्र १६ मीटर लांब. भट्टी किंवा कचरा जाळण्याची चिमणी जवळ नको.

किती केंद्रे हवीत, याचे भारतीय मानकातील सूत्र लोकसंख्येवर आधारलेले आहे. १० ते ५० लाख वस्तीसाठी धूलिकणांची ७.५ केंद्रे, अधिक दर लाखामागे ०.२५. २०११ च्या जनगणनेत दुर्ग-भिलाईनगरची लोकसंख्या सुमारे १०.६४ लाख होती. हिशेब साधारण १० केंद्रांवर येतो. उद्योग जास्त असलेल्या शहरात यापेक्षा अधिक केंद्रे असावीत, असेही मानक सांगते. पोलाद कारखान्याच्या भिलाईला हे वाक्य थेट लागू पडते.

भिलाईतली स्थिती

अविरत केंद्रांच्या यादीत भिलाईची सिव्हिक सेंटर, ३२ बंगलो आणि हथखोज ही नावे आढळतात. सिव्हिक सेंटरचे केंद्र भिलाई इस्पात संयंत्राचे आहे, उरलेली दोन छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाची. हथखोज हा औद्योगिक भाग. बाकीची दोन ठिकाणे टाउनशिपमध्ये, रुंद रस्ते आणि भरपूर झाडी असलेल्या भागात आहेत. तिथला आकडा चुकीचा नसतो, पण तो तिथलाच असतो. खुर्सीपार किंवा कॅम्पच्या दाट वस्तीत, जीई रोडच्या ट्रकांच्या धुरात राहणाऱ्या कुटुंबाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. शहराची सरासरी काढली की हा फरक दिसेनासा होतो. नवे केंद्र ठरवताना सोयीची गच्ची आणि खात्रीची वीज यांच्याइतकाच लोक राहतात कुठे याचाही विचार व्हावा.

वाऱ्याची माहिती नसेल तर निम्मेच कळते. हिवाळ्यात येथे वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून येतो, पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून. त्यामुळे कारखान्याच्या दोन्ही अंगांना मापन हवे: एकीकडे येणारी हवा मोजायची, दुसरीकडे जाणारी. वाऱ्याचे मापक १० मीटर उंच खांबावर, मोकळ्या जागेत लावतात. गच्चीच्या कोपऱ्यात लावले तर ते इमारतीला वळसा घालणारा वारा मोजते. थंडीच्या पहाटे वारा मंद असतो आणि धूर जमिनीलगत साचतो, तेव्हा कारखाना तेवढाच चालू असूनही आकडा चढतो.

घरातल्या चुलीचा धूर मात्र कोणतेही केंद्र मोजत नाही. त्यासाठी उज्ज्वला योजनेचे पान पाहावे.

नागरिकांनी काय करावे?

‘समीर’वर आपल्या वस्तीला सर्वात जवळचे केंद्र शोधा. त्याच ॲपवर हवेच्या प्रदूषणाची तक्रारही करता येते. केंद्राची जागा का निवडली, पुढचे केंद्र कुठे प्रस्तावित आहे आणि वार्षिक सरासरी किती आली, हे माहितीच्या अधिकारात छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाकडे विचारता येते. मंडळाचे क्षेत्रीय कार्यालय भिलाईतच आहे. उत्तराची मुदत ३० दिवस; दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला पुरावा जोडल्यास शुल्क लागत नाही. अर्ज हिंदीत लिहावा: कायद्यात हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागाची राजभाषा एवढ्याच भाषांची तरतूद आहे आणि छत्तीसगडमध्ये मराठी त्यांत येत नाही.