एका अक्षराची चूक : पेशीतील वाहतुकीच्या शोधाचा इतिहास



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने या स्मृतिव्याख्यानासाठी भोजराजाची धारानगरी किंवा धार-देवासच्या पवारांचा काळ असा एखादा विषय घ्यावा, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र सजीव पेशीतील वाहतुकीच्या शोधाचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. एका अक्षराच्या चुकीने अर्थाचा अनर्थ कसा होतो, हे विद्यार्थ्यांना दाखविण्यात माझे आयुष्य गेले. तोच प्रकार मानवी देहात घडतो आणि तेथे तो प्राणांवर बेततो, हे वाचनात आल्यापासून या विषयाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

पीथमपूरच्या रहिवाशांना मूळ प्रश्न समजण्यास सायास पडू नयेत. कारखान्यात माल तयार झाला म्हणजे काम संपले नाही. त्याची बिल्टी होऊन तो योग्य ठिकाणी उतरला, तरच त्याचे मोल. आपल्या देहातील प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे एक अतिशय पातळ पटल असते. त्यात रुतून बसलेली प्रथिने ही पेशीची दारे आणि द्वारपाल होत. कोणी क्षारांना वाट देतात, कोणी रक्तातील द्रव्ये ओळखून धरतात. मानवी जनुकांपैकी सुमारे चौथा हिस्सा अशा पटलस्थ प्रथिनांसाठी खर्ची पडतो. परंतु ही प्रथिने घडतात पेशीच्या अंतर्भागात. मग कोणी कोठे जावे, हे कोण ठरवितो?

या मार्गावरील एक मोठे ठाणे इटलीतील कामिल्लो गॉल्जी यांना १८९८ सालीच दिसले होते. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पण त्याचे कार्य उमगण्यास पुढे अर्धशतकाहून अधिक काळ लागला. अमेरिकेत जॉर्ज पलाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडातील पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्ले दिली आणि नव्या प्रथिनांचा माग काढला. पेशीतील जालिकेत घडलेली प्रथिने लहान लहान पुटिकांत बसून गॉल्जी संकुलात येतात आणि तेथून पुढे रवाना होतात, हे त्यातून सिद्ध झाले. पलाडे यांना १९७४ साली नोबेल पारितोषिक लाभले. पटलस्थ प्रथिनांपैकी बहुतेकांचा राजमार्ग हाच. प्रथिनाच्या अंगातच त्याचा पत्ता लिहिलेला असतो, हा विचार गुंटर ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी यांनी १९७१ साली मांडला. त्याच्या प्रचीतीसाठी ब्लोबेल यांना १९९९ साली तोच सन्मान मिळाला.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. वीस प्रकारच्या मण्यांची ही माळ म्हणजे वीस अक्षरांच्या लिपीत लिहिलेला शब्दच. मराठीत शब्दाच्या अंती लागलेला विभक्तिप्रत्यय त्या शब्दाचे वाक्यातील स्थान सांगतो. 'घर' आणि 'घरी' यांतील भेद एका वेलांटीचा. पुढे असे आढळले की, काही पटलस्थ प्रथिनांच्या शेवटून तिसऱ्या आणि चौथ्या स्थानी लायसीन हे आम्ल असेल, तर ती पुढे निघून गेली तरी मूळ जालिकेत परत आणली जातात. ही तर सप्तमीच झाली, असे मला वाटले.

आता मुंबईकडे वळू. १९६२ साली होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे अमेरिकेत सीमोर बेन्झर यांच्या समवेत त्यांनी फळमाशीवर प्रयोग केले. उष्मा वाढताच लुळ्या पडणाऱ्या माशांच्या काही जाती त्यांनी वेगळ्या काढल्या. त्यांतील एक जात थंडाव्यात आणल्यावरही फार उशिरा शुद्धीवर येई, म्हणून तिला 'कोमॅटोज', म्हणजे बेशुद्धावस्थेतील, असे नाव पडले. हा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. पुढे के. एस. कृष्णन यांनी मुंबईत अशाच माशांच्या अभ्यासाची परंपरा चालविली. लुळ्या पडलेल्या माशीचा मानवाला उपयोग काय, असे तेव्हा कोणीही विचारले असते.

त्याच सुमारास रँडी शेकमन यीस्टच्या पेशींत वाहतूक कोठे तुंबते ते शोधत होते. १९८० पर्यंत त्यांनी या कामाची २३ जनुके वेगळी केली. जेम्स रॉथमन सस्तन प्राण्याच्या फोडलेल्या पेशींचा रस घेऊन, त्यात एका विषाणूच्या पटलस्थ प्रथिनाचा प्रवास परीक्षानळीत घडवून आणीत होते. पुटिका पटलाशी एकजीव होण्यास लागणारे एक प्रथिन त्यांच्या प्रयोगशाळेने १९८८ साली शुद्ध केले. पुढल्याच वर्षी कळले की, शेकमन यांच्या यादीतील अठराव्या क्रमांकाचे जनुक हे त्याचेच यीस्टमधील रूप. आणि १९९५ साली कळले की, 'कोमॅटोज' माशीत बिघडलेले जनुकही तेच! तीन पोथ्या तीन प्रांतांत सापडाव्यात आणि पाठ जुळवून पाहता ग्रंथ एकच निघावा, तसा हा योग. सिद्दिकी २०१३ च्या जुलैत निवर्तले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शेकमन, रॉथमन आणि टोमास झ्यूडहोफ यांना या वाहतुकीच्या शोधासाठी नोबेल जाहीर झाले.

आता चुकीच्या अक्षराकडे येऊ. रक्तातील कोलेस्टेरॉल पेशीत ओढून घेणारे प्रथिन ८३९ अक्षरांचे आहे. एका रुग्णात त्यातील ८०७ वे अक्षर बदलले होते, हे १९८६ साली प्रसिद्ध झाले. प्रथिन पेशीच्या पृष्ठावर पोहोचत होते, कोलेस्टेरॉलचे कण धरीतही होते. पण त्यांना आत नेण्याची खूणच हरवली होती. अशा रुग्णांचे हृदय ऐन तारुण्यात दगा देते. हा व्याकरणातील आदेश. लोपाचे उदाहरण याहून करुण आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक व्याधीत फुप्फुसांत दाट चिकट स्राव साचतो. तिच्या बहुसंख्य रुग्णांत क्षारांना वाट देणाऱ्या १४८० अक्षरांच्या प्रथिनातील ५०८ वे अक्षर गळलेले असते. ते प्रथिन पृष्ठावर पोहोचले, तर थोडेबहुत काम करू शकते. पण त्याची घडी बिघडलेली पाहून पेशीतील पहारेकरी त्याला जालिकेतच अडवितात आणि नष्ट करतात. हे १९९० साली उमगले. त्याला मार्गी लावणारे पहिले औषध २०१५ साली अमेरिकेत मान्य झाले आणि २०१९ साली त्याहून प्रभावी असे तीन औषधांचे मिश्रण आले. त्यांची किंमत मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे.

स्वादुपिंड, यीस्ट, माशी आणि रुग्ण या चार ठिकाणी वेगवेगळी माणसे खपली, तेव्हा हे औषध संभवले. त्यांतील एक जागा आपल्या मुंबईत होती, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण वर्गात एखादा मुलगा निरुपयोगी वाटणारा प्रश्न विचारील, तेव्हा 'हे परीक्षेला नाही' म्हणून त्याला खाली बसवू नये, एवढे या शाळेतील शिक्षकबंधुभगिनींना सांगावेसे वाटते. तो प्रश्न त्याने मराठीत, हिंदीत, माळवीत, कोणत्याही भाषेत विचारला तरी चालेल.